जुन्या सिंथचा आवाज नव्या पेटीत कसा उतरतो

१९८१ च्या अखेरीस जपानच्या रोलंड कंपनीने एक छोटी चंदेरी पेटी बाजारात आणली, टीबी-३०३. हा एक सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य. घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा, एवढाच तिचा हेतू. किंमत ३९५ डॉलर. बासगिटारसारखा आवाज काही तिच्यातून निघेना, आणि एकेक सूर भरायची रीत इतकी किचकट की बरेच जण थोड्याच दिवसांत कंटाळत. साधारण १०,००० पेट्या काढून १९८४ मध्ये रोलंडने ती बंद केली. जुन्या बाजारात ती मातीमोल भावाने मिळू लागली आणि तिथून शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने ती वाजत असतानाच तिचे नॉब फिरवायला सुरुवात केली. चिरका, पिळवटलेला, मध्येच ओलसर वाटणारा आवाज निघाला. १९८७ मध्ये त्याची तबकडी आली आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा संगीतप्रकार जगभर पसरला.

आपल्याकडे ही पेटी त्याच्याही आधी वाजली होती. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, अशी रोलंडची तीन वाद्यं घेऊन दहा रागांची एक तबकडी मुंबईतच ध्वनिमुद्रित केली. तेव्हा तिची फारशी कुणी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हे कसं वाजलं, म्हणून परदेशातले रसिक चक्रावले. मला त्यात नवल वाटत नाही. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, तिला स्लाइड म्हणतात. भैरव किंवा ललित वाजवणाऱ्याच्या हाती ही सोय आली की तो मींड काढणारच.

मूळ ३०३ आता मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. पण तिची नवी रूपं मिळतात. अमेरिकेतल्या अभियंता लिमोर फ्रीड यांनी २००५ मध्ये झॉक्सबॉक्स नावाचा संच काढला. सगळं सर्किट जाहीर, सुटे भाग हातात, सोल्डरिंग तुमचं तुम्ही करायचं. २०१६ मध्ये खुद्द रोलंडने टीबी-०३ आणली. २०१९ मध्ये बेरिंगरची टीडी-३ आली, साधारण १५० डॉलरला. बाहेरून तिन्ही एकाच घराण्यातल्या दिसतात, आत मात्र तीन वेगळ्या वाटा आहेत. त्या वाटा कळायच्या तर आधी सिंथमध्ये आवाज तयार कसा होतो ते पाहावं लागेल.

जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाशिवाय थेट विजेतून आवाज काढणाऱ्या सिंथमध्ये, तीन मुख्य भाग असतात. पहिला ऑसिलेटर. तो वीज ठराविक वेगाने वरखाली करत राहतो. सेकंदाला ४४० वेळा केली की तो एक सूर झाला, ८८० वेळा केली की त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर. या कच्च्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याचे असंख्य वरचे स्वरांश खच्चून भरलेले असतात, म्हणून तो करकरीत वाटतो. दुसरा भाग फिल्टर. तोंडाने मोठ्याने ‘आ’ म्हणा आणि सूर तोच ठेवून हळूहळू ओठ मिटत ‘ऊ’पर्यंत या. गळा तेच करतोय, तोंड वरचे स्वरांश अडवत चाललंय. फिल्टर हेच काम विजेवर करतो. कुठून वरचं अडवायचं ती रेषा नॉबने वरखाली करता येते आणि त्या रेषेपाशी आवाजाला टोक काढता येतं. या टोकाला रेझोनन्स म्हणतात. तिसरा भाग आवाज कमीजास्त करणारा अ‍ॅम्प्लिफायर. पट्टी दाबल्यावर आवाज कसा उठतो, किती टिकतो, कसा विरतो हे तो सांभाळतो.

एवढंच असेल तर नक्कल करायला अवघड काय? सर्किटचे नकाशे तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलेच असतात. अडचण अशी की नकाशात ट्रान्झिस्टरचं चिन्ह असतं, त्याचा स्वभाव नसतो.

ऑसिलेटरचंच घ्या. बहुतेक अ‍ॅनालॉग सिंथमध्ये एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो, असा ठराव आहे. हे गणित जमवायला ट्रान्झिस्टरचा एक उपजत गुण वापरतात: त्याच्या बेस नावाच्या पायावर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठराविक मापाने वाढवत गेलं की त्यातून वाहणारा प्रवाह पटीत वाढत जातो. साधारण खोलीच्या तापमानाला दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दुप्पट, म्हणजे सूर एक सप्तक वर. एका सप्तकात बारा स्वर. म्हणजे ‘सा’ आणि कोमल ‘रे’ यांच्यातलं सगळं अंतर त्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी फक्त दीड मिलिव्होल्टचं आहे.

आणि हा १८ चा आकडा तापमानावर हलतो. अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का. वाचायला किरकोळ वाटतं. पण उपाय केला नसेल तर मूळ सुरापासून तीन सप्तकं दूर गेल्यावर एका अंशाने बारा सेंटचा फरक पडतो, आणि शंभर सेंट म्हणजे पुढचा स्वर. दुपारी गार खोलीत जुळवलेला सिंथ संध्याकाळी मंचावरच्या दिव्यांखाली आठ-नऊ अंशांनी तापला, की वरच्या सप्तकातला शुद्ध ‘ग’ शुद्ध राहिलेला नसतो. सत्तरच्या दशकातले वादक कार्यक्रमाच्या मध्यंतरात ट्यूनिंगचे नॉब फिरवत बसायचे ते यामुळे.

यावर तेव्हाही उपाय होते. एकसारखे दोन ट्रान्झिस्टर निवडून एकमेकांना चिकटवून बसवायचे, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहतं आणि एकाची चूक दुसरा खोडतो. शिवाय तापमानाबरोबर बदलणारा खास रोधक लावायचा. आता असे जुळे ट्रान्झिस्टर एकाच चिपमध्ये मिळतात, तांदळाच्या दाण्याएवढे. म्हणून नव्या प्रतिकृती सुरात राहण्याच्या बाबतीत जुन्यांपेक्षा सरस असतात. ही गोष्ट निःसंशय चांगली आहे. पण इथूनच खरा पेच सुरू होतो, कारण ज्या आवाजावर लोकांचा जीव जडला त्यात ही सुराची थरथर मिसळलेली होती. दोन ऑसिलेटर एकाच सुरावर लावले आणि ते एकमेकांपासून किंचित सरकत राहिले की आवाजात सावकाश लाटा उठतात, तो जाड आणि जिवंत वाटतो. दोन्ही अगदी पक्के सुरात बसवले की तो जिवंतपणा जातो.

हा पेच सगळ्यात प्रामाणिकपणे सोडवला तो प्रॉफेट-५ च्या नव्या आवृत्तीने, असं माझं मत आहे. मूळ प्रॉफेट-५ डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये काढला. एका वेळी पाच सूर वाजवणारा, आणि केलेली सगळी मांडणी मायक्रोप्रोसेसरच्या मदतीने लक्षात ठेवणारा. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिप होत्या, तिसरीत कर्टिस कंपनीच्या. दोन्हींचा आवाज वेगळा, आणि कोणता खरा प्रॉफेट यावर वादकांत तट पडलेले. पुढे कंपनी बुडाली, नाव यामाहाकडे गेलं. २०१५ मध्ये यामाहाने ते स्मिथ यांना परत केलं. त्यासाठी रदबदली केली रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी, म्हणजे एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाने. २०२० मध्ये प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात दोन्ही घराण्यांचे फिल्टर होते, हवा तो निवडावा.

आणि तिच्यावर एक नॉब होता, ‘व्हिंटेज’. नॉब एका टोकाला असला की पाचही आवाज आजच्या यंत्राला शोभतील इतके एकसारखे. दुसऱ्या टोकाकडे नेत गेलं की ऑसिलेटर, फिल्टर, आवाजाचा उठाव यांत आवाजागणिक थोडाथोडा फरक पडत जातो, शेवटी पहिल्या आवृत्तीइतका. ज्या माणसाने चाळीसेक वर्षांपूर्वी हे फरक घालवायला जिवाचं रान केलं, त्यानेच ते मोजून मापून परत आणले आणि किती हवेत ते वाजवणाऱ्याच्या हाती दिलं. स्मिथ २०२२ मध्ये गेले. वाद्य बनवणाऱ्याला स्वतःच्याच कामाकडे इतक्या मोकळेपणाने बघता आलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

उणिवेतून आवाज घडल्याची उदाहरणं शोधावी तितकी सापडतात. मूग कंपनीच्या १९७० च्या मिनीमूग या सिंथमध्ये फिल्टरकडे जाणारा सिग्नल हिशेबातल्या चुकीमुळे हवा त्यापेक्षा जोराचा जायचा, फिल्टर किंचित ओव्हरलोड व्हायचा. तो भरदार बास, ज्यासाठी मिनीमूगचं नाव घेतलं जातं, त्यात या चुकीचा वाटा आहे. टीआर-८०८ मधल्या झांजेच्या फुसफुसाटासाठी रोलंड मुद्दाम सदोष, खरखर करणारे ट्रान्झिस्टर वेचून घ्यायची. कारखान्यांची गुणवत्ता सुधारली, खराब माल निघेनासा झाला आणि ८०८ बंद करण्यामागे तेही एक कारण झालं. आता अशा वाद्याची प्रतिकृती करणाऱ्याने काय करायचं? तसा ट्रान्झिस्टर आज कुणी बनवत नाही. मग दुसऱ्या मार्गाने तशीच खरखर निर्माण करून ती मूळच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायची, एवढंच हाती उरतं.

आता पुन्हा ३०३ कडे, कारण तिच्या पोटात एक अशी जागा आहे जिथे सगळा विषय डोळ्यांसमोर येतो. तादाओ किकुमोतो यांनी तिची रचना केली. ऑसिलेटर एकच, तरंग फक्त दोन तऱ्हेचे, सोळा घरांची सुरावट. प्रत्येक घराला अ‍ॅक्सेंट, म्हणजे जोर, देता येतो. जोर दिला की सूर मोठा लागतो हे कुणीही ओळखेल. पण त्याच वेळी अ‍ॅक्सेंटची वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठते आणि तो कपॅसिटर फिल्टर उघडतो. कपॅसिटर रिकामा व्हायला थोडा वेळ लागतो. लागोपाठ दोन घरांना अ‍ॅक्सेंट दिला तर दुसऱ्याच्या वेळी आधीची थोडी वीज शिल्लक असते, त्यामुळे फिल्टर आणखी उघडतो. तिसऱ्याला त्याहून वर. सुरावट जलद असेल तर शिलकी जास्त, संथ असेल तर कमी. भरीला रेझोनन्सचा नॉब आतून दुहेरी आहे: एक भाग फिल्टरचं टोक काढतो, दुसरा या अ‍ॅक्सेंटच्या वाटेत हात घालतो. म्हणजे ३०३ ला आधीचे सूर थोडेसे ‘आठवतात’, आणि नॉब फिरवला की ती आठवणही बदलते. त्या यंत्राचा आवाज सारखा हुरळत, चढत गेल्यासारखा वाटतो त्याचं मर्म या काही पैशांच्या भागांत आहे. तिची नुसती एकेका सुराची ध्वनिमुद्रणं जोडून सुरावट केली तर हे कधीच मिळणार नाही.

मग ते मिळवायचं कसं? पहिली वाट, सर्किट जसंच्या तसं, भागही जुन्या पद्धतीचे. झॉक्सबॉक्स या वाटेने गेला. ३०३ च्या अ‍ॅम्प्लिफायरमधली बीए६६२ ही चिप केव्हाच बंद झाली होती. असले दुर्मीळ भाग गोळा करणं हाच त्या उद्योगातला अवघड डोंगर होता. मूग कंपनीने २०१६ मध्ये मिनीमूग पुन्हा काढला तो याच पद्धतीचा. लांब पायांचे सुटे भाग, बोर्डवर मूळच्याच जागी, हाताने बसवलेले. किंमत ३,४९९ डॉलर. मजुरी आणि दुर्मीळ भाग दोन्ही महाग, म्हणून ही वाट श्रीमंतांची.

दुसरी वाट, सर्किट तेच पण भाग आजचे, यंत्राने बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले. बेरिंगरची टीडी-३ आणि मिनीमूगची त्यांची २०१८ ची प्रतिकृती, मॉडेल डी, इथे येतात. लहान भागांचा आवाज ‘पातळ’ लागतो असं मत अनेक जण छातीठोकपणे मांडतात. मला ते पटत नाही. रोधकाच्या आकाराने आवाज बदलत नाही. त्याचं मूल्य, ट्रान्झिस्टरांची जुळणी आणि कपॅसिटरचा प्रकार यांनी बदलतो. ती काळजी घेतली तर लहान भागांनीही काम चोख होतं. कोर्गने २०१३ मध्ये १९७८ च्या आपल्या एमएस-२० या सिंथची मिनी आवृत्ती काढली तेव्हा मूळ अभियंत्यांनाच बोलावलं होतं. मूळ एमएस-२० चे फिल्टरही दोन तऱ्हांचे होते. त्यांनी आधीचा, जास्त आक्रस्ताळा, निवडला. आकार मात्र ८६ टक्के केला. पट्ट्या लहान झाल्या, जाड बोटांच्या वादकाला ते जाचतं.

तिसरी वाट डिजिटल. आत ट्रान्झिस्टरांऐवजी एक प्रोसेसर, आणि त्यात सर्किटमधल्या प्रत्येक भागाचं गणित. रोलंडची टीबी-०३ अशी आहे. ही ध्वनिमुद्रणं वाजवणारी पेटी नाही. प्रत्येक क्षणी कपॅसिटरमध्ये किती वीज आहे, ट्रान्झिस्टर किती ताणला गेलाय याचा हिशेब ती मांडत असते. यातली अवघड जागा फिल्टरच्या रेझोनन्समध्ये आहे. तिथे बाहेर पडणारा आवाज परत आत दिला जातो, विजेत हे तत्क्षणी घडतं. संगणक मात्र टप्प्याटप्प्याने मोजतो, त्यामुळे परत येणारा आवाज एक टप्पा उशिरा पोचतो. एवढ्याशा उशिरानेही रेझोनन्सचा सूर सरकतो, टोक बोथट किंवा कर्कश होतं. उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला आत आणि बाहेर दोन्हीची समीकरणं एकत्र सोडवायची, सेकंदाला हजारो वेळा. याला ताकद लागते. २०१५ मध्ये रोलंडने ज्युपिटर-८ ची छोटी डिजिटल प्रतिकृती काढली, जेपी-०८. मूळ वाद्य एका वेळी आठ सूर वाजवायचं, ही फक्त चार.

ऐकायला कोणती जवळची? वाद्यमेळात, ढोल आणि गाण्याबरोबर, मला तिन्हींत फरक करता येत नाही. एकटी वाजत असताना, रेझोनन्स टोकाला नेऊन फिल्टर झपकन उघडला तर अ‍ॅनालॉगमध्ये एक बेभरवशाची किंचाळी असते ती डिजिटलमध्ये जरा नीटनेटकी लागते. पण इथे एक प्रश्न विचारायलाच हवा: कोणत्या ३०३ च्या जवळची? स्वस्तातले कपॅसिटर लिहिलेल्या मूल्यापासून २० टक्के इकडेतिकडे असू शकतात. कारखान्यातून निघालेल्या दोन ३०३ सुद्धा तंतोतंत सारख्या नव्हत्या, आणि त्यावर चाळीस वर्षांचं वय चढलंय. आज आपण ज्या जुन्या वाद्याशी तुलना करतो ते १९८२ मध्ये असंच वाजत होतं याची कसलीच खात्री नाही.

वयाचा विषय निघालाच आहे तर जुनं वाद्य घेण्याच्या मोहाबद्दल सांगतो. रोलंडच्या १९८४ च्या जुनो-१०६ या सिंथमध्ये प्रत्येक सुरासाठी एक काळा तुकडा असतो, चिपवर ओतलेल्या काळ्या थराने बंद केलेला. वर्षं उलटतात तसा हा थर आतून वीज वाहू देऊ लागतो आणि एकेक सूर खरखरत मरतो. तुकडे काढून ते अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायचे, थर मऊ झाला की अलगद सोलायचा, हा त्यावरचा सर्वमान्य इलाज. हात बसलेला असेल तर जमतो, नसेल तर बारीक पाय तुटतात. शिवाय जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात. ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात पिन खुपसली तर वाद्य गेलंच समजा. मूळ ३०३ मिडीच्याही आधीची, कारण मिडी, म्हणजे विजेवरची वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जोडायची ठरलेली भाषा, आलं १९८३ मध्ये. त्यामुळे आजच्या कॉम्प्युटरला ती जोडायची तर मध्ये वेगळी पेटी लागते. नव्या प्रतिकृतींत यूएसबी आणि मिडी दोन्ही असतं.

मग नक्कल करणं योग्य की अयोग्य? कायद्याने बघितलं तर मूगच्या लॅडर फिल्टरचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं, त्याची मुदत ऐंशीच्या दशकातच संपली. सर्किट आता सगळ्यांचं आहे, नाव आणि बोधचिन्ह मात्र ज्याचं त्याचं. नीतीचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा. रोलंड स्वतः ३०३ अ‍ॅनालॉग स्वरूपात बनवत नव्हती, त्यामुळे तिची स्वस्त प्रतिकृती आली यात मला काहीही वावगं दिसत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या हाती खरं अ‍ॅनालॉग सर्किट येतंय, याचा मला आनंदच आहे. जी कंपनी आपलं जुनं वाद्य स्वतः पुन्हा बनवतेय, त्या काळात दुसऱ्याने तेच सर्किट एक दशांश भावात विकणं मला खटकतं, कायद्यात बसत असलं तरी. मिनीमूगच्या बाबतीत जवळपास असंच घडलं. ग्राहकाने यातून काय ठरवायचं ते त्याने ठरवावं, पण हा फरक त्याला माहीत असावा.

पहिलंच वाद्य घेत असाल तर डिजिटल की अ‍ॅनालॉग यात महिने घालवू नका. वाद्य समोर बसून वाजवा. ३०३ च्या कुठल्याही वंशजाची परीक्षा घ्यायला दहा मिनिटं पुरतात. सोळा घरांची साधी सुरावट भरा. आधी एकाही घराला अ‍ॅक्सेंट देऊ नका. मग सलग चार घरांना द्या, रेझोनन्स निम्म्याच्या वर ठेवा आणि वेग वाढवत न्या. चौथा सूर पहिल्यापेक्षा उघडा लागला, वेग कमी केल्यावर तो फरकही कमी झाला, तर त्या पेटीच्या आतला कपॅसिटर, खरा असो की गणितातला, आपलं काम नीट करतोय.